मिठाचा हात

वस्तीच्या समाजमंदिरातल्या सामायिक चुलीवर भाजी कुणीही चिरायची, भाकऱ्या कुणीही थापायच्या, पण आमटीत मीठ घालायचं ते शेवंताकाकूंनीच. "मिठाला दहा हात लागले की पातेलं वाया गेलंच म्हणून समजा," असं त्या सगळ्यांना दटावून सांगत.

परवा वस्तीतली एक अख्खी गल्ली जळाली, त्यात काकूंचंही घर गेलं. तरी आज त्या पदर खोचून चुलीपाशी हजर होत्या. नजर मात्र सारखी जळालेल्या गल्लीकडे जात होती.

जळालेल्या घरांतली माणसं पंगतीला बसली. काकूंनी तळहातावर आमटी घेऊन चाखली आणि त्यांचा चेहराच बदलला. "अगं, तोंडात धरवत नाही इतकी खारट! मी तर नेहमीसारखंच घातलं होतं."

भाजी चिरणाऱ्या हिराबाईने मान खाली घातली. "काकू, आज तुमचं चित्त थाऱ्यावर नाही, विसरला असाल असं वाटलं. म्हणून मी गुपचूप टाकलं."

"अगं बया, मीपण!" भाकरी थापणारी ओरडली. मग तिसरीनेही कबूल केलं, चौथीनेही.

मग एकच पळापळ झाली. शाबूत घरांमधून कुकरच्या शिट्ट्या वाजल्या, अळणी डाळ आली आणि एका पातेल्याची दोन पातेली झाली.

काकूंनी पुन्हा चाखलं. "आता जरासं मीठ हवंय."

सगळ्या बायकांनी झटकन हात पाठीमागे लपवले. ते बघून काकू आगीनंतर पहिल्यांदाच खळखळून हसल्या आणि त्यांनी मिठाच्या बरणीचं झाकण उघडलं.