नवा सेल

ऑपरेशनला नेताना नर्सनं यांच्या कानातलं मशीन काढून माझ्या हातावर ठेवलं. डॉक्टर म्हणाले होते, खात्री देता येत नाही. “वहिनी, देवाचं नाव तरी घ्या,” नणंद म्हणाली. पण मला नावच आठवेना. रडूही येईना. मी पर्समधला नवा सेल काढला, रुमालानं मशीन पुसलं आणि जुना सेल बदलला. “आत्ता कशाला ते?” नणंद कावली. “शुद्धीवर आल्यावर यांना ऐकू नको यायला?” मी म्हटलं. “माझं झालं, आता पुढचं तू बघ,” एवढंच मी छताकडे बघून पुटपुटले. चालू मशीन मुठीत धरलं की शिट्टी मारतं. त्या शिट्टीवरून मी जन्मभर यांच्यावर खेकसले, “आधी बंद करा ते!” दार उघडलं. डॉक्टर मास्क काढत आमच्याकडे येत होते. मी मूठ आवळली. शिट्टी वाजली. मी वाजू दिली.