कपाळावरचा घाम

अकोल्यातल्या एका शौकीन शेठजींनी आपल्या एसी दालनात सुंदराबाईचं तैलचित्र लावलं. मे महिन्याच्या उन्हात वावरातली धसकटं वेचणारी, घामानं निथळलेली सुंदराबाई. चौकटीमागे बिनतारी सेन्सर होता. चित्राजवळ ओलावा वाढला की शेठजींचा मोबाइल वाजायचा.

चित्रकार नागसेन तिच्याच गल्लीतला. त्यानं बोलावलं म्हणून ती उद्घाटनाला दर्यापूरहून एसटीत उभी राहून आली, स्टँडपासून भर उन्हात पायी. "घाम काय जिवंत काढलाय," पाहुणे चित्रासमोर म्हणत होते. सुंदराबाईची नजर अधू. ती वाट काढत पुढे गेली आणि चित्राला नाक लागेल इतकी वाकली. तिच्या कपाळावरून धारा लागल्या होत्या.

मोबाइल वाजला. शेठजी धावत आले.

"कोण आहे ही? आधी बाहेर बसवा हिला. रंग खराब होतील."

थोड्या वेळानं नागसेन पाण्याचा ग्लास घेऊन व्हरांड्यात आला. सुंदराबाई पदरानं तोंड पुसत होती.



"बाबू, तिच्या कपायावरचा घाम पुसून टाक. नाई त तिलेबी बाहेर काढतीन."