अक्ष फिरवताना

“सर, अक्ष फिरवताना शिअर स्ट्रेन निम्मा का घ्यायचा? आहे तसाच फिरवला तर काय बिघडलं?”

वर्गात खसखस पिकली. असला प्रश्न पदवीच्या पोरांनी विचारावा. इथे सगळे संशोधन करायला आलेले. विचारणारी मुलगी याच वर्षी आलेली. तिने मान खाली घातली.

सरांनी खडू पुढे केला. बाळबोध प्रश्नाचं उत्तर वर्गातल्या सर्वांत जुन्या विद्यार्थ्याने फळ्यावर द्यायचं, हा त्यांचा शिरस्ता.

“आजोबा, या.”

आजोबा शेवटच्या बाकावरून उठला. तिशीतलाच होता, पण पीएचडी इतकी रखडली की हे नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच. एरवी तो हसायचा, आज हसला नाही. तास संपला की सरांना सांगायचं, मी सोडतोय, असं त्याने ठरवून टाकलं होतं. मेहुण्याने आपल्या कारखान्यात जागा धरून ठेवली होती. बायको त्याचे शर्ट इस्त्रीला देऊनही आली होती.

सगळं अडलं होतं कार्बनच्या धाग्यांच्या एका पट्टीवर. धागे सरळ असले की प्रयोग आणि त्याने लिहिलेला प्रोग्रॅम गळ्यात गळे घालून चालायचे. धागे तिरके ठेवले की दोघांची तोंडं दोन दिशांना. एकेक ओळ चाळून तो थकला होता. सरांना विचारलं तर म्हणाले, “शोध. सापडेल.” झालं! एवढ्या वर्षांत या माणसाने काडीची मदत केली नाही, याचा त्याला मनापासून राग होता.

त्याने फळ्यावर चौकोन काढला, तो कलता केला. “हे बघ, शिअर म्हणजे चौकोनाचं हे असं कलणं. त्यात दोन्ही बाजू कलतात. आपण मोजतो ती दोन्हींची बेरीज. फिरवण्याचं सूत्र मात्र एकीचाच वाटा मागतं. म्हणून आधी निम्मा करायचा, मग फिरवायचा. नाहीतर धागे सरळ असताना काही कळणार नाही, पण तिरके केले की...”

तो फळ्याकडे बघतच राहिला.

“सर, मी जरा लॅबमध्ये जाऊन येतो,” एवढं म्हणून तो उत्तराची वाटही न पाहता निघाला.

लॅबमध्ये प्रोग्रॅममधली ती ओळ सापडली. त्याने निम्मा न करताच फिरवला होता. चूक सुधारून त्याने प्रोग्रॅम चालवला. तिरक्या पट्टीचे आकडे प्रयोगाला जाऊन चिकटले. तो खुर्चीत एकटाच हसला, मग डोळे पुसले.

जिन्यात ती मुलगी भेटली.

“आज तू माझी पीएचडी वाचवलीस,” तो म्हणाला. “असले प्रश्न विचारायला कधी लाजू नकोस.”

ती गोंधळली. “माझा कुठला तो प्रश्न, दादा? सरांनी काल केबिनमध्ये बोलावून पाठ करून घेतला. म्हणाले, चेहरा अगदी बावळट ठेव, नाहीतर आजोबाला संशय येईल.”