बेचाळीस नंबरचा बिल्ला

पांढरं फडकं उचललं आणि धाकटीच्या तोंडचं पाणीच पळालं. तिन्ही ट्रे रिकामे होते. कोपऱ्यात मसुराचे चार दाणे तेवढे उरले होते, तेही बहुधा नजरचुकीने.

"बाबा, यातलं चिकन कुठे गेलं?"

"संपलं," बाबा खुशीत म्हणाले. "सॅलड तर त्याच्याही आधी संपलं. काय हात आहे गं तुझा!"

शेजारच्या दुकानातून जरा बऱ्या बशा मागून आणायला ती जेमतेम वीस मिनिटं बाहेर गेली होती. भटारखान्यात मुंगी शिरायला जागा नव्हती, म्हणून ट्रे काउंटरच्या टोकाला ठेवले होते. जाताना तिने बाबांना तीनदा बजावलं होतं की हे विकायचं नाही, अकराला कंपनीची माणसं चाखायला येणार आहेत. त्या कंपनीतल्या चारशे जणांचं रोजचं दुपारचं जेवण कुणाकडे द्यायचं ते आज ठरणार होतं. काम मिळालं तर ती इथेच चुलीपुढे उभी राहणार होती. नाही मिळालं तर सोमवारी विमा कचेरीतल्या खुर्चीत परत जायचं, असा बापलेकीचा करार होता. त्या खुर्चीच्या नुसत्या आठवणीने तिला जांभई येई.

बाबांचं म्हणणं असं की त्यांनी विकलं नव्हतंच. एका गिऱ्हाइकाने फडक्याखाली काय आहे ते विचारलं, म्हणून त्यांनी सुरीच्या टोकावर एक तुकडा पुढे केला. शिजवलेलं खाणं वजनावर विकणाऱ्या त्यांच्या दुकानाचा नेमच तसा होता. चाखायला दिल्याशिवाय तराजूला हात लावायचा नाही, आणि ज्याने चाखलं त्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही. त्या गिऱ्हाइकाने चाखलं, डोळे मिटले आणि अर्धा किलो मागितलं. मागच्याने ते डोळे मिटणं पाहिलं. पुढचं बाबांच्या हातात राहिलं नाही.

"जिभेवर चव ठेवायची आणि मग नाही म्हणायचं? माझ्याच्याने नाही होत," ते म्हणाले.

घड्याळात अकराला वीस मिनिटं कमी होती. धाकटीला राग आला होता, पण रागवायला सवड कुणाला होती? ती आत धावली. संध्याकाळसाठी मुरत ठेवलेलं चिकन काढलं, त्याचे पातळ काप केले आणि दोन तवे एकदम चढवले. मसूर शिजलेले होते. ढोबळी मिरच्या तिने थेट आचेवर धरल्या, बोटं पोळली तरी सोडल्या नाहीत. लिंबू, लसूण, मूठभर पुदिना. हात असे चालले होते की त्यांना तिची गरजच नसावी. छाती धडधडत होती आणि त्या धडधडीतही मजा येत होती, हे तिला स्वतःलाच खरं वाटेना.

अकराला दोन मिनिटं असताना तिने भरलेलं पातेलं उचललं आणि बाहेर आली. दुकान दारापर्यंत भरलं होतं. गर्दी झाली की बाबा नंबराचे पितळी बिल्ले वाटत. आजही त्यांनी वाटले होते, आणि हे सगळे लोक त्या मघाच्या चिकनसाठीच थांबले होते. रांगेच्या शेपटाला एक चष्मेवाल्या बाई उभ्या होत्या. हातात फाईल, मागे दोन सहकारी. कंपनीच्या बाई! आणि त्यांच्या दुसऱ्या हातात बेचाळीस नंबरचा बिल्ला.

ती बाबांजवळ सरकली. "बाबा, त्या कंपनीच्या आहेत. आधी त्यांना द्या."

बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. ओशाळलेही, पण क्षणभरच. मग हलक्या आवाजात म्हणाले की बाळ, छत्तीस नंबरच्या आजी अर्धा तास उभ्या आहेत, त्यांना काय सांगू? आणि त्यांनी छत्तीस नंबर पुकारला.

धाकटीने पातेल्यात डोकावून पाहिलं. पुरेल? आजींनी चाखलं आणि पाव किलो मागता मागता अर्धा किलो मागितलं. सदतीस नंबरवाल्याने पुडी तिथेच उघडली आणि उभ्याउभ्या बोटं चाटत खायला लागला. अडतीस नंबरच्या बाईंनी घरी फोन लावून कुणालातरी कुकर चढवू नकोस म्हणून सांगितलं. चिकनचा ढीग डोळ्यांदेखत खाली जात होता. कंपनीच्या बाई मात्र खाणाऱ्यांचे चेहरे एकेक करून निरखत होत्या.

एकोणचाळीस झाला. चाळीस नंबर पुकारला गेला तशी दोघा सहकाऱ्यांतल्या एकाची चुळबूळ वाढली. त्याने घड्याळ पाहिलं आणि बाईंच्या कानाशी वाकला, पण आवाज काही त्याला आवरला नाही. अजून दोन ठिकाणी जायचंय, इथे तर साधी खुर्चीसुद्धा दिली नाही, निघू या. धाकटीच्या हातातला डाव जागीच थांबला. सोमवारची ती खुर्ची तिला समोर दिसायला लागली.

तेवढ्यात दारातून आलेला एक घाईतला गृहस्थ बाजूने पुढे घुसू लागला. बाईंनी फाईल काखेत मारली, कोपर बाहेर काढून त्याची वाट अडवली आणि सहकाऱ्याकडे वळूनही न बघता म्हणाल्या, "आता कुठलं जाताय? आपल्या पुढे एकच माणूस राहिलाय."