चुन्याची रेघ

चुन्याच्या रेघेवर ब्रेक दाबायचा आणि सायकल कुठे जाऊन थांबते ते पाहायचं, एवढंच ठरलं होतं. कापडे गावाच्या उतारावर हसन उन्हात उभा होता. सायकल दुरुस्त करणारा मंगेश वरून आधी जुनी दांडीब्रेकची सायकल घेऊन आला. ती रेघ ओलांडून पार आंब्यापर्यंत घसरत गेली.

दुसरी गिअरवाली, रबरी गुटक्यांची. ती त्याच्या निम्म्या अंतरातच थांबली.

तिसरी हसनच्या पोराची, मुसैबची. हसनने दुबईहून आणलेली, दोन्ही चाकांना डिस्कब्रेक असलेली. मंगेशने धंद्याच्या सवयीने दोन्ही मुठी सारख्या दाबल्या आणि ती रेघेपाशीच गप्प उभी राहिली.

हसनचा चेहरा उतरला. ती थांबू नये, असंच त्याला मनातून वाटत होतं. ब्रेक कुचकामी निघाला असता तर शिव्याशाप द्यायला कुणीतरी मिळालं असतं. सायकल आणून आठवडाही झाला नव्हता. पोरगा बिरवाडीच्या सपाट रस्त्यावर ऐटीत फिरायचा. पहिल्यांदाच उतारावर आला आणि इथेच डोक्यावर पडून गेला. त्याची आई परवीन तेव्हापासून नवऱ्याशी एक शब्द बोललेली नव्हती.

मंगेश खाली उतरला. त्याने एक मूठ दाबून पाहिली, मग दुसरी, आणि तसाच वाकून राहिला. मुसैब पडला त्याच्या आदल्या दिवशी ब्रेक त्यानेच आवळून दिले होते.

"आता आवळलेस, तेव्हा तू ढिले सोडले होतेस," हसन म्हणाला.

"तसंच समजा, हसनभाई."

"समजा काय? खरं बोल."

"माझ्यावरच ठेवा. पण ही सायकल भंगारात द्या. तुम्ही हिच्यावर बसू नका."

चोराच्या मनात चांदणं, हसनला वाटलं. चूक मुसैबची असणं शक्यच नव्हतं. घरच्या दांडीवाल्या सायकलवर हसननेच त्याला शिकवलं होतं, इथले सगळे बाप शिकवतात तसं: उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा, उतारावर त्याला हात लावायचा नाय, तोंडावर आपटशील. डावा मागच्याचा, तोच गच्च धरायचा. पोराने बापाचा शब्द कधी मोडला नव्हता.

त्याने मंगेशच्या हातातून सायकल हिसकावली आणि ढकलत वर नेली. मंगेश मागून हाका मारत राहिला. हसन बसला, सुटला. वारा कानात शिरला. रेघ आली तशी डावी मूठ आपसूक आवळली गेली.

मागचं चाक उचललं गेलं आणि तो सायकलच्या डोक्यावरून रस्त्याच्या कडेला गवतात जाऊन पडला. खांदा निखळल्यासारखा दुखत होता, पण जीव वाचला होता. मंगेश धावत येऊन शेजारी बसला. त्याने सायकलकडे पाहायचं टाळलं.

हसनने मात्र पाहिलं. डाव्या मुठीतून निघालेली वायर त्याने नजरेनेच धरली आणि तिच्यामागे खाली खाली गेला. ती पुढच्या चाकाला जाऊन मिळाली होती.