बंद डबा

शेवटचा सूर पारिजातकाच्या फुलासारखा अलगद खाली उतरला. वाजवणाऱ्या चौघांनी गज बाजूला घेतले. आता दुर्वानं स्टीलचा बंद डबा उचलला.

तिच्या ‘भुलाबाई’ या रचनेचा शेवट असाच होता. आधी व्हायोलिन, व्हिओला, चेलो; मग नुसता डबा. आत नर्मदेचे खडे. बर्लिनच्या एका समीक्षकानं लिहिलं होतं, हा माणसाच्या एकटेपणाचा आवाज आहे. दुर्वा ते वाचून खूप हसली होती.

आज हसू येत नव्हतं. हे जबलपूर होतं. नेपियर टाउनमधला मराठी मंडळाचा हॉल, कोजागिरी, मागे उकळणारं मसाला दूध. आणि पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसलेले बाबा. सकाळीच पैज लागली होती.

“बर्लिनचं मला नको सांगू,” बाबा म्हणाले होते. “आपल्या लोकांना समजलं, तर कर तुझं म्युझिक. नाही तर चुपचाप बँकेची परीक्षा दे.”

“चलो, ठरलं!” दुर्वा म्हणाली होती. चहा पिता पिता म्हणायला सोपं होतं.

डब्यापर्यंतची सगळी रचना वाजून झाली, पण हॉलमध्ये एकही मान डोलली नाही. मधेच अधारतालच्या विनताकाकूंनी शेजारणीला विचारलं होतं, “सुरू झालं का गं, का अजून सूरच लावून राहिले?”

दुर्वानं डोळे मिटले आणि डबा हलवला. खुळुक. खुळुक. खुळखुळ खुळुक.



पुण्यात या जागी टाळ्या पडल्या होत्या. इथं खुर्चीसुद्धा करकरली नाही. दुर्वाला बँकेचा काउंटर दिसू लागला. डबा खाली ठेवायला ती वाकली.

“फुटाणे!” मागून विनताकाकू ओरडल्या.

“काहून फुटाणे? रेवड्या आहेत!”

“अहो दीदी, रेवडी अशी वाजते का? खडीसाखर!”

हॉल उठून बसला. भुलाबाईची गाणी संपली की बंद डब्यातली खिरापत आवाजावरून ओळखायची, हे इथल्या बायकांना कुणी सांगावं लागत नाही. चकल्या झाल्या, चिरोटे झाले, कुणी तर शिरा म्हणालं. दुर्वा डबा छातीशी धरून प्रत्येकीला मान हलवत राहिली. नाही. नाही. अंहं, नाही.

तेवढ्यात बाबा उभे राहिले. हात वर करून त्यांनी सगळ्यांना गप्प केलं.

“असं मधूनच कसं ओळखणार?” ते म्हणाले. “चलो दुर्वा, पुन्हा पहिल्यापासून वाजवा.”