कोथिंबिरीची पट्टी

चौऱ्याण्णव साली हेब्बाळला घर बांधलं आणि दारावर सासऱ्यांचं न् नवऱ्याचं नाव लागलं. शैलजानं आपल्या नावाचं विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, "आपण काय डॉक्टरीण आहोत, दारावर नाव लावायला?"

गच्चीतल्या कुंड्यांसाठी तिनं पत्र्याच्या पट्ट्या काळ्या रंगवून खडूनं नावं लिहिली होती. पुदिना, ओवा, कोथिंबीर. धाकटी म्हणाली, "आई, तुझी पट्टी कुठाय?"

कोथिंबीर संपलीच होती. शैलजानं ती पट्टी पुसली, स्वतःचं नाव लिहून दाराला टांगली. सासूबाईंनी दोनदा पुसली. तिसऱ्यांदाही तिनं लिहिलं, पण आधी 'राजलक्ष्मी' हे सासूबाईंचं नाव आणि खाली आपलं.

संध्याकाळी सासरे फडकं घेऊन निघाले, तशा सासूबाई दारात आडव्या आल्या. "हात लावून तर बघा."